साकवातली ओ

ओ दिली नाहीत तुम्ही, साहेब. बाकी तुमचं सगळं पोटात घालू. पासपोर्ट काढून घेऊन कपाटात ठेवलेत, ठेवा. इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, बापाचं नाव चुकवलंत, चुकवा, चुकीच्या बापाचा माणूसही ओझं तेवढंच उचलतो. इंजिनियरांच्या कॅम्पात विषारी वायूचे मास्क वाटलेत आणि आमच्या कॅम्पात तोंडावर ओला टॉवेल धरा म्हणून कागद चिकटवलात, तोही इंग्रजीत, तेही एक वेळ सोडून देऊ. पण माणसं तुमच्या दारात आली, हाक मारली, पुन्हा आली, पुन्हा मारली, आणि आत असून तुम्ही ओ दिली नाहीत. अशा माणसाला आमच्या गावात एक नाव आहे. ते बायकामाणसांत घेण्यासारखं नाही म्हणून इथे घेत नाही.

हे सगळं फकरुद्दीन मनात म्हणत होता. तोंडाने तो सकाळपासून फारसं बोलला नव्हता. जुबैलच्या त्या कॅम्पात बराकीपासून ऑफिसच्या केबिनपर्यंतचा रस्ता म्हणजे भर घातलेली वाळू आणि तिच्यावर सांडलेलं सिमेंट. थंडीचे दिवस, ऊन नुसतं दिसायला. चालताना त्याच्या उजव्या गालावर साबण सुकून ओढ बसत होती. पहाटे अर्धी दाढी झाली आणि हल्ल्याचा भोंगा वाजला, उरलेली अर्धी राहिली ती राहिलीच. बराकीतून निघताना शारीकने पाहिलं. शारीक श्रीवर्धनचा, फिटर, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "फकरुभाय, एवढा गाल तरी उरकून जा. साहेब म्हणेल अर्धाच माणूस आला, अर्ध्या माणसाला काय उत्तर द्यायचं."

"अर्धं दिलं तरी घेईन," फकरुद्दीन म्हणाला आणि निघाला. मागोमाग गुरुनाथ निघाला. येऊ नको म्हणून सांगितलं होतं तरी निघाला. चार पावलं चालायचा, थांबायचा, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास गोळा करायचा, पुन्हा चालायचा. त्याच्या छातीतला आवाज फकरुद्दीनला पुढे चालतानाही ऐकू येत होता, रहाटाच्या कोरड्या कण्यासारखा. त्या आवाजाकडे पाठ करून चालणं कठीण होतं. तरी तो चालला, कारण त्या आवाजासाठीच तर चालला होता. दम्याच्या माणसाला टेप मारून बंद केलेल्या खोलीत, तोंडावर ओला टॉवेल दाबून बसवायचं म्हणजे रॉकेटची वाट तरी कशाला बघायची. कंपनीचं दुसरं काम जिझानला चालू होतं, थेट दक्षिणेला, जिथे भोंगे नाहीत आणि बंद खोल्या नाहीत. साहेबाने एका कागदावर सही करायची आणि गुरुनाथला जिझानच्या गाडीत बसवायचं, एवढंच मागणं. लढाई सुरू झाल्यापासून तेवढंच होतं.

पहाटेचं त्याला अजून पुरतं उलगडत नव्हतं. भोंगा झाला तेव्हा तो न्हाणीघरात आरशासमोर होता. भोंग्याची आता सवय झाली असं सगळे एकमेकांना सांगत, म्हणजे कोणालाच झालेली नव्हती. दिवे गेले. बराकीतून माणसं धावत सुटली. बराक आणि बंद खोली यांच्या मधे केबलसाठी खणलेला खोल चर होता आणि त्यावर फकरुद्दीननेच शटरिंगच्या फळ्या टाकून वाट केलेली होती. तो शटरिंगचा सुतार, लाकडाचं काम त्याच्याकडे. सगळ्या कॅम्पाचे पाय त्या फळ्यांवरून जायला लागले. खाली पोकळी असली की फळीवर पडलेल्या पायाचा आवाज वेगळा असतो. तो पायातून निघत नाही, खालून येतो आणि बरगड्यांत वाजतो. अंधार, तोंडाला साबण, हातात वस्तरा, आणि तो आवाज. फकरुद्दीन जुबैलात राहिलाच नाही. तो गावच्या साकवाच्या तोंडाशी उभा होता आणि पलीकडून माणसं येत होती. मग गावचा कुठलाही माणूस जे करील ते त्याने केलं. अंग चोरून भिंतीला लागला, येणाऱ्यांना वाट दिली आणि हाक घातली, "कोण हाय?" वरून काय येतंय, कुठे पडतंय, कोणाला पत्ता नाही, आणि हा भला माणूस न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून वाट देतोय. ओ आली नाही. कुठून येणार? धावणारे केरळचे, बिहारचे, पेशावरचे, मनिलाचे. पाय संपले. भोंगा तेवढा राहिला. "कोण हाय?" तो पुन्हा म्हणाला. भीती वाटत होती असंही नाही, पण पाय उचलेनात. आत पावलं वाजली की आतल्याची ओ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं हे त्या पायांना ते चालायला शिकले त्याच महिन्यात शिकवलेलं होतं. आणि मग चराच्या पलीकडून आवाज आला, घोगरा, श्वास तुटलेला, अगदी साकवातल्यासारखा. "मी हाय, गुरुनाथ. साकव रिकामा हाय. ये."

साकव म्हटलं की लोकांना दोन पोफळीची खोडं आणि धरायला एक बांबू आठवतो, पावसात वाहून जाणारा, दिवाळीला पुन्हा बांधायचा. हा तसला नव्हता. फकरुद्दीनच्या पणजाच्या वेळी खाडीच्या तोंडाशी एक मोठं गलबत खडकावर बसलं, ते पुन्हा तरंगलं नाही. त्याचं सागवान लोकांनी ओढून आणलं. गावात तेव्हा गलबतं बांधणारी मुसलमान सुतारांची घरं होती, पणजा त्यातलाच. तो म्हणाला, ह्या लाकडाचा जन्म पाण्यावर गेला, ह्याला पाण्यावरच ठेवू. आणि मोहल्ला एका काठाला, कुणब्यांची वाडी दुसऱ्या काठाला, मधे खाडीचा फाटा, त्यावर त्यांनी साकव घातला. नुसता घातला नाही, त्याला छप्पर केलं, वर नळ्याची कौलं चढवली, दोन्ही अंगांना गलबतासारख्या फळ्या ठोकल्या. पणजाचं म्हणणं, लाकूड माणसाच्या वजनाने मरत नाही, ऊन-पावसाने मरतं. लोक हसले, पुलाला कोणी घर बांधतं का म्हणाले. हसणारे गेले, त्यांची घरंही गेली, साकव उभा आहे. दरवर्षी पाऊस सरला की दोन्ही काठांची माणसं मिळून त्याला माशाचं तेल चोळतात; नंतर आठ दिवस सगळ्या गावाला तो वास, नमाजाला आणि आरतीला सारखाच.

पण फाट्याच्या मधोमध एक कातळ आहे. कातळाला टेकू मिळाला म्हणून साकव तिथे कोपरात वाकवल्यासारखा वळवलेला. त्यामुळे एका तोंडातून दुसरं तोंड दिसत नाही. आत अंधार, पाकोळ्या, फळ्यांच्या फटींतून खालच्या पाण्याचे हलते पट्टे. रुंदी एका माणसाची, डोक्यावर भारा असला तर भारा दोन्ही बाजूंना घासतो. दोघं समोरासमोर आले तर एकाला मागे मागे जावं लागणार. म्हणून हाकेची चाल पडली. शिरण्याआधी हाक घालायची, कोण हाय. आत कोणी असेल त्याने नाव सांगून ओ द्यायची. मग बाहेरच्याने थांबायचं. यात जात नाही, वय नाही, भांडण नाही. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण साकवात ओ देत. एक म्हणायचा कोण हाय, दुसरा म्हणायचा मी हाय, आणि बाहेर आला की तोंड फिरवून जायचा. फकरुद्दीनला लहानपणी वाटायचं, सगळ्या जगात असंच असतं. माणूस अंधारात विचारतो आणि अंधार नाव सांगतो. जुबैलला आल्यावर कळलं, जग सरळ आणि रुंद आहे, दोन्हीकडून लख्ख दिवे, आणि विचारलं तर कोणी काही सांगत नाही.

गुरुनाथला तो आधी आवाजाने ओळखायला लागला, तोंडाने नंतर. गुरुनाथ पलीकडच्या वाडीचा. शाळा वेगळी, बाजाराचा दिवस वेगळा. साकवाच्या बाहेर दोघं कधी चार शब्द बोलले असतील तर शपथ. पण आत तो घोगरा आवाज, बारीकशी शीळ असलेला, दमा तेव्हापासूनचा. "मी हाय, गुरुनाथ, भारा हाय." इतकंच. आणि मग इथे, पाण्यापलीकडे, वाळूत, बराकीच्या दारात नवीन माणूस पेटी घेऊन उभा, आणि विचारतो, "आत कोण हाय?" फकरुद्दीन खाटेवर उताणा पडलेला. तोंड न बघताच म्हणाला, "मी हाय, फकरुद्दीन. थांब, पेटी सरकवतो." बाकीच्यांना वाटलं दोघं जुने दोस्त. तेव्हा नव्हते, मग झाले.

शरफुन्निसाचं, त्याच्या बायकोचं, तर गावभर झालं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती सासूबरोबर पलीकडे निघाली. नव्या नवरीने ओ द्यायची नाही, सासूने द्यायची अशी रीत. वळणावर पोचल्या आणि पलीकडून हाक आली. सासूच्या तोंडात विडा. ती गिळू की थुंकू करतेय तेवढ्यात नवरीच म्हणाली, "मी हाय, फकरुद्दीनची शरफुन्निसा. तुमी थांबा." नवऱ्याचं नाव, तेही इतकं खणखणीत. सासूचा विडा अडकला तो पाठीत चापट्या मारून काढावा लागला. बाहेर थांबलेला तो गुरुनाथ. इथे बराकीत तो हा किस्सा वर्षाला दोनदा तरी सांगायचा. "बाबांनी आयुष्यभर थांब म्हटलं, मी कधी थांबलो नाय. वहिनीने एकदा म्हटलं तर भाऱ्यासकट थांबलो. फकरुभाय, तू रोज कसा जगत होतास?" फकरुद्दीन म्हणायचा, "म्हणून तर सौदीला आलो." आणि सगळी खोली हसायची. त्याला मात्र त्या दिवसापासून वाटत आलं होतं, आपलं नाव आपल्याला खरं त्या अंधारात मिळालं, तिच्या तोंडून. कुठल्या सरकारने दिलेलं नाही, इकाम्यावरचं तर नाहीच.

लढाईच्या आधी तिची शेवटची कॅसेट आली होती. गावाहून सगळ्यांच्याच बायका कॅसेटी पाठवायच्या. इकडून कोरी जायची, तिकडून भरून यायची, कोणी आलं की त्याच्याबरोबर. सगळ्यांच्या कॅसेटींत खुशाली, रडणं, सामानाची फर्माइश. शरफुन्निसाने यावेळी टेप उचलून साकवात नेला होता. फळ्यांवर तिची पावलं वाजत होती, खाली भरतीचं पाणी. वळणावर थांबली असावी, आवाज घुमायला लागला. मग तिने हाक घातली, कोण हाय, आणि गप्प राहिली. टेप नुसता फिरत राहिला. पाणी, एक पाकोळी, पाणी. खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शारीक म्हणाला, टेप अडकला. गुरुनाथ त्याच्या अंगावर ओरडला, "गप रे, तिने जागा सोडलीय." फकरुद्दीनने सगळ्यांसमोर, लाज सोडून, टेपला ओ दिली. मी हाय. आणि त्या बाईने एवढ्या अंदाजाने जागा सोडली होती की त्याचं बोलणं संपलं आणि तिकडून ती म्हणाली, "बरं. मग ये आता, साकव रिकामा हाय." पुढे कितीतरी दिवस ती कॅसेट खोलीत लागायची. पेशावरचा गुल खान, त्याला एक अक्षर कळायचं नाही, तोही त्या जागेवर मान खाली घालून हळूच ओ द्यायचा, स्वतःचं नाव घेऊन.

साहेब लोकांना मात्र ओ देण्यात कमीपणा का वाटतो हे फकरुद्दीनला कधी कळलं नाही. गावी एकदा कुठल्याशा खात्याचा साहेब साकव तपासायला आला होता. सफारी, काळा चष्मा, बगलेत कागद. मोहल्ल्याच्या बाजूने शिरला. पलीकडून गुरुनाथचा चुलता पेंढ्याचा भारा घेऊन तोंडाशी आला, हाक घातली. साहेब वळणापाशी होता, ऐकू गेलं होतं, पण मला विचारणारा हा कोण, म्हणून बोलला नाही. चुलत्याने पुन्हा हाक घातली, ओ नाही, म्हणजे रिकामा, असं समजून तो शिरला. वळणावर भारा साहेबाच्या छातीला भिडला. डोक्यावर भारा असलेल्या माणसाला मागे जाता येत नाही आणि खाली काही दिसत नाही. तो ढकलत राहिला. साहेब मागे मागे, चष्मा गेला, कागद फटींतून खाडीत, तोंडात पेंढा, तसाच मोहल्ल्याच्या तोंडातून बाहेर पडला. पुढे त्याने साकवावर 'धोकादायक' अशी पाटी ठोकली. पाटी चांगल्या जाड पत्र्याची होती. त्याच पावसाळ्यात गळक्या कौलांखाली गेली आणि गळती थांबली. पण त्या दिवशी दोन्ही काठांचे म्हातारे बसले आणि चुलत्याचं चुकलं का, यावर निवाडा झाला. निवाडा असा की, चुकलं नाही. जो ओ देत नाही तो आत नाही असं धरायचं आणि पाऊल टाकायचं. पहाटे न्हाणीघरात फकरुद्दीनला हा निवाडा आठवला नव्हता. आता, वाळूतून चालताना, साबणाने ताठलेल्या गालासकट, आठवत होता.

पहाटे तो फळ्यांवरून पलीकडे गेला तेव्हा गुरुनाथ दारात पाय अडकवून उभा होता. आतून सगळे शिव्या घालत होते, दरवाजा बंद करो, मरवाएगा क्या. तो पाय काढत नव्हता. फकरुद्दीन शिरला, दार लागलं, टेप चिकटला, टॉवेल तोंडांवर आले, आणि मग गुरुनाथची छाती बंद पडत चालली. पंप केव्हाच संपलेला, दवाखाना बंद. त्याने टॉवेल फेकून दिला. अंधारात नुसती शीळ, एक लांब शीळ, मग काही नाही, मग शीळ. फकरुद्दीनने त्याला पाठीमागून धरून बसतं केलं, स्वतःच्या तोंडावरचा टॉवेलही काढला, एकट्याने तोंड झाकून बसणं त्याला बरं दिसेना. काय करावं सुचेना. दुवा आठवत होत्या, ओठांवर येत नव्हत्या. मग तो त्याच्या कानात म्हणाला, "कोण हाय?" बराच वेळ काही नाही. पुन्हा म्हणाला, "आत कोण हाय?" आणि शिळेच्या शेवटाला, कुठून तरी फार आतून, "मी हाय." म्हणजे श्वास गेला होता तो आला. पुन्हा हाक, पुन्हा ओ. नाव घ्यायला श्वास पुरत नव्हता, नुसतंच हाय. सुटकेचा भोंगा होईपर्यंत दोघं असे त्या साकवात बसून होते. एक विचारत होता, दुसरा सांगत होता. आणि फकरुद्दीनच्या मनात, खरं सांगायचं तर, अशा वेळी येऊ नये असं सुख होतं. आपल्या भाषेत विचारावं आणि आपल्या भाषेत उत्तर यावं, दोन्ही टोकांना मरण उभं असताना, याहून माणसाला आणखी काय पाहिजे. पणजाने कातळावर साकव वळवला म्हणून, सागवान बुडालं नाही म्हणून, ह्या माणसाने दारात पाय अडकवला म्हणून हे मिळालं. अल्लाचे आभार मानताना त्याला पणजा, शरफुन्निसा, पाकोळ्या आणि तो पेंढ्याचा भारा, सगळे एकदम आठवले आणि कोणाचे किती हे लावता येईना. इथे आभाराला शुक्रन म्हणतात, दिवसातून शंभर वेळा. गावात ओ देणाऱ्याचे आभार मानत नाहीत. त्याची हाक आली की आपण ओ द्यायची, तेच त्याचे आभार.

केबिनला चार लाकडी पायऱ्या होत्या आणि फळ्यांचा ओटा. फकरुद्दीन चढला तेव्हा त्या पोकळ वाजल्या. पडदे ओढलेले. आत टेलिफोन वाजला, दोनदा, आणि थांबला. कोणीतरी उचलला होता. ग्लासात चमचा फिरत होता. गुरुनाथ खाली रंगाच्या उपड्या डब्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

फकरुद्दीनने दारावर टकटक केली नाही. तो प्रकार त्याने करून पाहिला होता. त्याने तोंडाभोवती हात धरले, साकवाच्या तोंडाशी धरतात तसे, आणि घातली हाक. "कोण हाय?"

चमचा थांबला.

मागे ओट्यावर पावलं वाजली. शारीक होता, गुल खान होता, केरळचे दोघे होते, आणखी येत होते. फळ्या एकेका माणसाला वेगळा आवाज देत होत्या. गुल खानने दोन्ही हात तोंडाजवळ नेले आणि त्याला येत होते तेवढेच दोन शब्द त्यानेही घातले. आत कोणीतरी खुर्ची सरकवली आणि स्थिर बसलं.

"साहेब," फकरुद्दीन म्हणाला. मराठीतच म्हणाला, त्याला दुसरं काही सुचलंही नाही आणि हवंही नव्हतं. "खाली गुरुनाथ बसलाय. पहाटे मी हाक घातली तेव्हा त्याला स्वतःचा श्वास पुरत नव्हता, तरी त्याने मला ओ दिली. त्याला जिझानच्या गाडीत बसवायचंय, सही तुमची लागते. आमच्याकडे निवाडा झालाय, तो सांगून ठेवतो. जो ओ देत नाही तो आत नाही असं धरायचं आणि पाऊल टाकायचं." त्याने कडीवर हात ठेवला. कडी गार होती. "मी हाय, फकरुद्दीन. बाहेर सगळे हायत, एकेकाला नाव हाय. आता शेवटचं विचारतो. आत कोण हाय?"